फोर सेव्हनचा हिवाळा

गेल्या वर्षी डिसेंबरातल्या एका रविवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, नरसय्या गड्डम यांनी सुनंदा बनसोडे यांना रेडिओवरून 'फोर सेव्हन' असा रिपोर्ट दिला. बनसोडे यांच्या नोंदीत तो 'फाइव्ह नाइन' असा गेला. दोघेही सोलापुरात होते. दोघांच्या घरांमध्ये रस्त्याने पाच किलोमीटर अंतर आहे.

आता पुन्हा डिसेंबर आहे. सकाळी दोन तास थंडी असते, मग ऊन नेहमीच्या कामाला लागतं. गाड्यावर भाजलेल्या शेंगांचा वास येतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, अजून वेळ आहे, पण पाळण्यांचे लोखंडी सांगाडे ट्रकवरून यायला सुरुवात झाली आहे. हौशी रेडिओ चालवणाऱ्यांना मात्र हिवाळा वासाने किंवा थंडीने कळत नाही, कानाने कळतो. पावसाळाभर रेडिओत एक कडकड असते. दूर कुठेतरी वीज चमकते आणि इथे स्पीकरमध्ये फुटाणे फुटतात. दिवाळीनंतर कधीतरी ती कडकड थांबते. एक सकाळ अशी येते की रेडिओ लावला तर नुसता 'हुश्श' असा बारीक आवाज येतो, झाडून सारवून ठेवलेल्या अंगणासारखा. त्या दिवसापासून स्पर्धेचा मोसम धरायचा.

ज्यांचा या छंदाशी संबंध नाही त्यांच्यासाठी एवढं सांगणं भाग आहे. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, घरावर तार ताणायची आणि इंटरनेट-मोबाइलशिवाय हवेतून इतर परवानाधारकांशी बोलायचं, याला हौशी रेडिओ म्हणतात. प्रत्येकाला सरकारने दिलेलं एक सांकेतिक नाव असतं. वर्षातून काही वेळा स्पर्धा होतात. ही स्पर्धा सूर्योदय ते सूर्यास्त अशी, एका रविवारची. दिवसभरात जास्तीत जास्त जणांशी बोलायचं. प्रत्येक बोलण्यात तीन गोष्टी द्यायच्या आणि घ्यायच्या: नाव, रिपोर्ट आणि क्रमांक, म्हणजे त्या दिवसातलं हे कितवं बोलणं. किती जणांशी बोललात ते एका बाजूला, किती जिल्हे मिळाले ते दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींचा गुणाकार. यात स्वतःचा जिल्हाही धरला जातो. मग प्रत्येकाने आपली नोंदवही समितीकडे पाठवायची, समितीचा संगणक ती समोरच्याच्या वहीशी ताडून बघतो. जुळलं तर गुण. नाही जुळलं तर ऐकणाऱ्याचे गुण जातात, कारण नीट ऐकणं ही त्याची जबाबदारी.

रिपोर्ट म्हणजे दोन आकडे. पहिला एक ते पाच: तुमचं बोलणं मला किती कळतंय. दुसरा एक ते नऊ: तुमचा आवाज किती जोरात येतोय. पाच आणि नऊ म्हणजे स्वच्छ आणि खणखणीत.

सगळ्या वैतागाचं मूळ इथे आहे. स्पर्धेत प्रत्येक जण प्रत्येकाला 'फाइव्ह नाइन'च देतो. समोरच्याचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा असला तरी. "यू आर फाइव्ह नाइन, प्लीज रिपीट युअर नंबर, नंबर अगेन, अगेन प्लीज," हे वाक्य दर स्पर्धेत शेकडो वेळा ऐकू येतं आणि कुणाला हसू येत नाही. नोंद करण्याच्या संगणकी प्रणालीतसुद्धा रिपोर्टच्या चौकटीत पाच-नऊ आधीच भरून ठेवलेलं असतं. माणसाने फक्त पुढच्या चौकटीत जायचं. नियमपुस्तकात लिहिलं आहे की रिपोर्ट प्रत्यक्ष ऐकू आलेल्या आवाजाचा असावा. तो नियम कुणी रद्द केलेला नाही. कुणी पाळतही नाही.

वर्तमानपत्राच्या कचेरीत माझ्यासारखं ज्याने आयुष्य काढलं त्याला हे नवं नाही. तालुक्यातून येणाऱ्या प्रत्येक बातमीत कार्यक्रम 'उत्साहात संपन्न' झालेला असायचा. फोटोत अकरा माणसं दिसायची, त्यातली सहा व्यासपीठावर. 'उत्साहात' हा शब्द कापला तर दुसऱ्या दिवशी वार्ताहराचा फोन यायचा, "साहेब, आमच्यावर काय राग आहे का?" सगळ्यांच्या बातमीत तो शब्द असताना एकाच्या बातमीतून काढला की ती टीका होते. पत्रात 'इकडे सर्व खुशाल' लिहिण्याची रीतही तशीच होती. आजारपणाचं पत्रसुद्धा तिथूनच सुरू व्हायचं.

गड्डम यांना ही रीत मान्य नाही. वय पंच्याहत्तरच्या पुढे. घराणं विणकरांचं, घरात तेलुगू, गल्लीत मराठी. स्वतः मात्र मागावर बसले नाहीत. सरकारी वायरलेसवर नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. घर शहराच्या पूर्व भागात, दोन्ही बाजूंना यंत्रमाग. त्यांच्या खोलीत बसलं की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरताना दिसतं. त्यांची नोंदवही कागदाची, दोनशे पानी, रेघा आखलेली, अक्षर छापल्यासारखं. संगणक आहे, मुलाने आणून दिलेला. त्याच्यावर रुमाल टाकलेला असतो. स्पर्धा संपली की वहीतली प्रत्येक ओळ ते एका बोटाने संगणकात उतरवतात आणि पुन्हा रुमाल टाकतात.

भीमेला पूर आला असताना त्यांनी एका पुलाजवळच्या ठाण्यातून सलग दोन दिवस संदेश पाठवले होते. त्यांना रिपोर्टबद्दल विचारलं की ते तिथपर्यंत जातात.

"रिपोर्ट कशाला देत्यात सांगा की," ते म्हणतात. "समोरच्याचं कौतुक करायला? फोर ऐकला की त्यानं ओळखायचं, हळू बोलायचंय. थ्री ऐकला की दोनदा बोलायचंय. मी तिथं पाण्याचा आकडा सांगालतो. समोरच्यानं मला फाइव्ह नाइन म्हणलं असतं, आणि बावीसचं बत्तीस लिहिलं असतं, तर? गाव हलवायचं का न्हाई ते त्या आकड्यावर होतं."

स्पर्धेत गाव हलवायचं नसतं, असं त्यांना कुणीतरी म्हणालं होतं.

"मग सवय कुठं लावायची? पुरात?"

वैताग यायला एवढं पुरेसं आहे. बरोबर असलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही आणि त्याच्यासोबत स्पर्धाही खेळता येत नाही.

सुनंदा बनसोडे त्यांच्या शिष्या. शाळेत विज्ञान शिकवतात. परवान्याच्या परीक्षेची तयारी गड्डम यांनीच करून घेतली, दर शनिवारी, मागांच्या खटखटीत. त्या शनिवारांची एक आठवण पक्की आहे: सोल्डरिंगचा राळेसारखा धूर, कपात गार होत आलेला चहा, आणि गड्डम यांचं मोठ्याने म्हणणं, "मॅडम, ऐकायचं. आधी ऐकायचं. बोलायला काय, बोंबील विकणारीबी बोलती." शिष्येला ते 'मॅडम' म्हणतात, कारण ती शिक्षिका आहे. त्या त्यांना 'सर' म्हणतात.

बनसोडे यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, चार मजली सोसायटीत. गच्चीवर दोन बांबू, त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याची तार, मध्यातून खाली खिडकीत येणारी केबल. तार इतकी बारीक की कावळासुद्धा तिच्यावर बसत नाही. तरी ती दिसली. सोसायटीचे चेअरमन बिराजदार. धान्याचा व्यापार, घरात कन्नड, गळ्यात मफलर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ते एका संध्याकाळी दारात आले तेव्हा बनसोडे यांच्याकडे योगायोगाने शहरातल्या हौशी रेडिओ क्लबचे आम्ही दोघे-तिघे बसलो होतो, त्यामुळे पुढचं संभाषण ऐकीव नाही.

"मॅडम, आमच्या नातीच्या स्पीकरमधनं तुमचा आवाज यायलाय."

"सॉरी अण्णा. मी एक फिल्टर देते, तो वायरला लावला की—"

"ते लावू की. पण मला एक सांगा, सकाळपासनं तुमी फाइव्ह नाइन, फाइव्ह नाइन म्हणायलाव. शेजारचा विचारायलाय, अण्णा, आज कुठला आकडा फुटलाय म्हणून."

हसू सगळ्यांना आलं, बिराजदारांनाही. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. पावसाळ्यात वीज पडली तर जबाबदारी कुणाची, गच्ची सगळ्यांची आहे की एकीची, असे प्रश्न त्यांनी विचारले. गच्चीवर सात डिश अँटेना आहेत. त्यांच्याबद्दल प्रश्न नव्हता. त्या सात घरांच्या होत्या, म्हणजे सगळ्यांच्या होत्या. तार एका घराची होती.

सोसायटीच्या सभेत मग तोडगा निघाला. तो सोलापूरच्या बाहेर कुठे निघाला असता असं वाटत नाही. बिराजदार म्हणाले, एवढं मोठं कायतरी करताय म्हणता, देशभर बोलता म्हणता, तर एकदा पहिला नंबर काढून दाखवा. सर्टिफिकेट आणा. ते खाली नोटीस बोर्डाशेजारी लावू, सोसायटीचं नाव होईल, तार राहील. नंबर नाही आला तर मार्चअखेर तार काढायची. कुणीतरी 'हरकत नाही' म्हणालं आणि वहीत ठराव लिहिला गेला. परवाना सरकारचा, परीक्षा सरकारची, आणि तार राहणार की जाणार ते पहिल्या नंबरावर ठरणार. बनसोडे यांनी सही केली. त्या वर्षी त्या चांगल्या तयारीत होत्या, आणि दुसरा रस्ता समोर नव्हता.

तो रविवार आठवतो तो तुकड्यांत. बनसोडे यांच्या टेबलावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी, झाकून ठेवलेली. खायला वेळ नाही म्हणून चुरून डब्यात भरलेली. खिडकीतून येणारं पिवळं ऊन केबलवर. कानांवर हेडफोन, त्याखाली घामाने चिकटलेले केस. आवाजात ती एक लय, जी चांगल्या स्पर्धकाला लागते: नाव, फाइव्ह नाइन, क्रमांक, धन्यवाद, पुढचा. बाराच्या आत जिल्ह्यांची यादी भरत आली होती. मराठवाडा आला, कर्नाटकाचा अर्धा पट्टा आला, केरळातले दोन जिल्हे एकापाठोपाठ आले. सोलापूर जिल्ह्यातून त्या दिवशी दोनच परवानाधारक बोलत होते. त्या स्वतः आणि गड्डम सर. म्हणजे सोलापूर हा जिल्हा त्यांना एकाच माणसाकडून मिळणार होता.

तो दहा चाळीसला मिळाला. गड्डम यांच्या वहीत जागतिक वेळेप्रमाणे पाच दहा अशी नोंद आहे.

त्या वेळी गड्डम यांच्या गल्लीतले माग चालू होते. रविवार होता, पण ऑर्डर तातडीची होती. मागांच्या मोटारींचा एक गुरगुराट रेडिओत येतो, मिक्सर चालू असल्यासारखा. त्या गुरगुराटातून बनसोडे यांचा आवाज जोरात येत होता, पण शब्द कान देऊन वेचावे लागत होते. म्हणून चार. जोर सात. गड्डम यांनी ऐकलं तेच सांगितलं. तो रिपोर्ट बनसोडे यांच्या आवाजाचा होता की गड्डम यांच्या गल्लीचा, हा प्रश्न नंतर क्लबात विचारला गेला. नियमाप्रमाणे तो ऐकणाऱ्याच्या कानाचा असतो. कान गल्लीत असतो.

प्राथमिक निकाल फेब्रुवारीत आला. बनसोडे आपल्या गटात दुसऱ्या. सोबत चुकांचा तपशील: एक संपर्क बाद, कारण रिपोर्ट जुळत नाही. त्या संपर्कासोबत एक जिल्हाही बाद. जिल्हा गेला की नुसती बेरीज कमी होत नाही, गुणाकार कमी होतो. आकडेमोड तिघांनी वेगवेगळी केली, उत्तर एकच आलं: तो संपर्क धरला असता तर त्या पहिल्या होत्या. सोलापुरात बसून त्यांना सोलापूर मिळालं नव्हतं.

पहिल्या आलेल्या स्पर्धकाशीही गड्डम त्याच सकाळी बोलले होते. त्याला त्यांनी 'फाइव्ह नाइन' दिला होता. तो खरा होता. दुसऱ्या राज्यातला हा माणूस बनसोडे यांच्याच गटात, कारण गट यंत्राच्या ताकदीवर ठरतो आणि दोघांची यंत्रं सारखीच. त्याच्याकडे उंच मनोरा आहे आणि त्यावर फिरता अँटेना. मनोऱ्याची उंची नियमात मोजली जात नाही. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या बाबतीत खरा रिपोर्ट आणि रिवाजाचा रिपोर्ट एकच निघतो. गड्डम यांच्या खरेपणाने त्या दिवशी कुणाचं नुकसान झालं असेल तर ते बारीक तारेवाल्यांचं झालं. ही गोष्ट कुठल्याही नियमात बसत नाही आणि मनातूनही जात नाही.

नुकसान एकट्या बनसोडे यांचं नव्हतं. गड्डम यांना त्या आठवड्यात बरेच संदेश आले. ते त्यांनी मोबाइलवर दाखवले, चष्मा कपाळावर चढवून. एकाने लिहिलं होतं, 'आजोबा, कॉन्टेस्टमध्ये खरं कोण बोलतं?' गड्डम यांच्या स्वतःच्या नोंदीत एकही चूक नव्हती. त्यांचा नंबर यादीत खालून चौथा होता. बिनचूक नोंदीसाठी वेगळं बक्षीस नाही.

हरकत घ्यायला आठ दिवसांची मुदत होती. क्लबच्या बैठका चहाच्या हॉटेलात होतात. सात सभासदांना दोन टेबलं पुरतात. अर्ज लिहायचं काम 'तुम्ही पेपरवाले' म्हणून माझ्याकडे आलं. मी तीन मसुदे केले. पहिल्यात रिवाजाचा मुद्दा होता, दुसऱ्यात मागांचा, तिसऱ्यात दोन्ही. वाचून दाखवताना तिन्ही पोकळ वाटत होते, कारण प्रत्येकाचा अर्थ एकच निघत होता: नियम पाळणाऱ्यामुळे आमचं नुकसान झालं, तरी कृपया विचार व्हावा.

इरफान शेख मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, क्लबात सर्वांत व्यवहारी. त्याने मसुदे बाजूला सारले.

"काका," तो गड्डम यांना म्हणाला, "मुदतीत नोंद दुरुस्त करता येते. तुम्ही लिहा, टाइप करताना चूक झाली, फाइव्ह नाइनच दिला होता. एक लाइन बदलने कू क्या जाता?"

गड्डम यांनी भजी खाली ठेवली. "वहीत फोर सेव्हन हाय."

"वही कोण बघायलंय काका? समितीला संगणकातली नोंद जाते."

"मी बघायलोय की."

"आणि मॅडमची तार?"

चहा आला, कुणी घेतला नाही. गड्डम यांचा चेहरा त्या वेळी रागाचा नव्हता. ते अडकलेले दिसत होते. इतकी वर्षं जे सांगत आलो त्याची किंमत दुसऱ्याच कुणाच्या गच्चीवरून वसूल होणार, हे त्यांना कळलेलं होतं. शेवटी ते म्हणाले, "मॅडम म्हणत असतील तर बदलतो. त्यांनी म्हणावं."

सगळ्यांनी बनसोडे यांच्याकडे पाहिलं. हे नियमाचा प्रश्न त्यांच्यावर ढकलणं होतं, आणि तो आम्ही सहा जणांनी मिळून ढकलला.

बनसोडे यांनी बशीतला चमचा सरळ केला. "मी ऐकलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"फोर सेव्हन. स्पष्ट ऐकलं होतं. हसलेही होते, सर काही सुधरायचे नाहीत म्हणून. चौकटीत मागं जाऊन पाच-नऊ खोडायला दोन सेकंद लागतात. लय तुटते. पुढं तिघं वाट बघत होते." मग त्या म्हणाल्या, "मला वाटलं, रिपोर्ट कोण तपासतंय."

इरफान खुर्चीत मागे टेकला. "अरे मॅडम! हे सांगायची काय गरज होती?"

"अर्जात खाली माझी सही येणार आहे, म्हणून."

"झालं मग," इरफान म्हणाला. "एक हरिश्चंद्र कमी पडला होता."

अर्ज गेला नाही. तिन्ही मसुदे माझ्या टेबलाच्या खणात आहेत. क्लबातल्यांना मला चिडवायचं असलं की ते बाहेर येतात.

या प्रकरणात दोषी शोधायची सवय सुटत नाही. ती कचेरीतली सवय: बातमीत कुणीतरी जबाबदार असावं लागतं, नाहीतर मथळा होत नाही. समितीने नियमाप्रमाणे केलं. गड्डम यांनी नियमाप्रमाणे केलं. संगणकाने चौकट भरून ठेवली, कारण शंभरातले नव्याण्णव तेच लिहितात. बनसोडे यांनी दोन सेकंद वाचवले. जे सगळे करतात ते त्यांनी केलं, आणि जो तसं करत नाही अशा एकाच माणसाशी करताना त्या सापडल्या. तो माणूस नेमका त्यांचा गुरू होता. शनिवारी, मागांच्या खटखटीत, 'आधी ऐकायचं' म्हणून शिकवणारा.

नियम सर्वांना सारखा असतो हे वाक्य सोसायटीच्या सभेतही झालं. मार्चच्या शेवटच्या रविवारी बिराजदारांनी ठराव वाचून दाखवला. दुसरा नंबर आणि देशभरातला दुसरा नंबर, यातला फरक बनसोडे यांनी एकदा समजावून सांगितला.

"मॅडम, मला काय वैर नाही," बिराजदार म्हणाले. "उलट मला वाईट वाटलंय. पण ठरावात पहिला लिहिलंय. उद्या मी दुसरा चालवून घेतला तर परवा तिसरा येईल. नियम म्हणजे नियम. न्हाई का?"

सात डिश अँटेनांखाली उभं राहून ते हे बोलत होते.

तार त्याच दुपारी उतरवली. उन्हं कडक होती, गच्ची पायांना भाजत होती. गड्डम आले होते, या वयात चार मजले चढून, डोक्याला पंचा बांधून. तारेला पीळ पडू नये म्हणून ती कोपर आणि अंगठा यांच्यामध्ये कशी गुंडाळायची ते त्यांनी दाखवलं. बनसोडे यांना ते येत होतं. तरी त्यांनी दाखवू दिलं. त्या दुपारी दोघांत रिपोर्टचा विषय निघाला नाही. जिन्यात उतरताना गड्डम एवढंच म्हणाले, "तांबं चांगलं हाय. टाकू नका." बांबू तिथेच राहिले, कारण ते उतरवायला ठरावात सांगितलं नव्हतं. त्यांच्यामध्ये आता कपडे वाळत घालायची दोरी आहे. तिच्यासाठी सभा लागली नाही.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. रेडिओत कडकड होती, ऐकायला बनसोडे यांच्याकडे तार नव्हती. शनिवारी त्या गड्डम यांच्याकडे जात राहिल्या. बोलायच्या नाहीत, हेडफोन लावून नुसत्या ऐकायच्या आणि वहीत रिपोर्ट लिहायच्या. केरळ, थ्री फाइव्ह. गोवा, फोर सिक्स. ज्यांच्याशी बोलायचं नाही त्यांचे खरे रिपोर्ट. गड्डम शेजारी बसून दुसऱ्या वहीत लिहायचे, मग दोघं वह्या जुळवून पाहायची. एकदा कुठल्यातरी नाशिकच्या आवाजावरून वाद झाला, चार की तीन. दोन्ही घरांत तो वाद आठवडाभर चालला, असं गड्डम यांच्या सूनबाईंनी सांगितलं. "तेवढ्यात एक लुगडं विणून झालं असतं," असंही त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतर रेडिओ स्वच्छ झाला. स्पर्धेची तारीख जाहीर झाली. नियमपुस्तकात या वर्षी बदल असेल असं वाटलं होतं. पहिल्या पानावरच्या वर्षाखेरीज बदल नाही. रिपोर्ट प्रत्यक्ष ऐकू आलेल्या आवाजाचा असावा, हे वाक्य त्याच जागी आहे.

बनसोडे यांचे भाऊ जिल्ह्यातल्याच मैंदर्गीजवळ शेती करतात. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्या तांब्याचं वेटोळं, यंत्र आणि ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन तिथे गेल्या. एक टोक लिंबाला, दुसरं विहिरीवरच्या खांबाला. मधे तुरीचं शिवार. तुरीचा तो कडवट हिरवा वास, बांधावर उभी भावजय, आणि तिचा प्रश्न: "वन्सं, ह्याच्यावरनं कुणाला बोलनार?"

"सगळ्यांना."

"फोन लावायचा की मग."

या जागेवरून पहिला नंबर येणार नाही हे त्यांना माहीत आहे. तार जमिनीपासून फार उंच नाही आणि बॅटरी पाच तासांच्या वर चालत नाही. नंबराला लटकवलेली गच्चीही आता नाही. संगणक त्यांनी सोबत नेला नव्हता. दोनशे पानी वही नेली होती, रेघा आखलेली.

स्पर्धा गेल्या रविवारी झाली. गड्डम यांच्याकडे या वर्षी गर्दी कमी होती. काही जुने स्पर्धक त्यांचं नाव ऐकून उत्तर न देता पुढे गेले. ते वहीत लिहिता येत नाही, पण ऐकू येतं. माग चालू होते. सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी, जागतिक वेळेप्रमाणे पाच पस्तीसला, मैंदर्गीहून हाक आली. गड्डम यांनी ती दोनदा ऐकली, डोळे मिटून, हेडफोन एका हाताने दाबून धरत. मग रिपोर्ट दिला.

पलीकडून उत्तर यायला चार सेकंद लागले. मागे दुसरा एक स्पर्धक घाई करत होता, "कम ऑन, कम ऑन." बनसोडे यांनी आकडा परत वाचून दाखवला आणि स्वतःचा रिपोर्ट दिला. तो फाइव्ह नाइन नव्हता.

दोन्ही वह्या सोमवारी हॉटेलातल्या टेबलावर होत्या. त्याच संध्याकाळी दोन्ही नोंदी समितीकडे गेल्या. पाच पस्तीसच्या ओळीत गड्डम यांच्या वहीत लिहिलं आहे: दिला थ्री फोर, घेतला फोर फाइव्ह. बनसोडे यांच्या वहीत लिहिलं आहे: घेतला थ्री फोर, दिला फोर फाइव्ह.